आमचा माल, अण्णांची मशीन

2018 ची दिवाळी झाली आणि आमच्या पुण्याच्या कस्टमरनं बेअरिंग हाउसिंगची (बेअरिंग ज्यात बसतं ते बिडाचं घर) ऑर्डर महिन्याला 600 नगांवरून एकदम 1500 वर नेली, आणि आमच्याकडं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, एकच. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मी आणि माझा भाऊ बघतो, तो शॉपवर असतो आणि परचेस, डिस्पॅच, बिलं, कस्टमरचे फोन हे सगळं माझ्याकडं. दुसरी मशीन घ्यायची तर कर्ज काढावं लागणार आणि सहा महिन्यांनी ऑर्डर परत 600 वर आली तर हप्ते कुठनं भरायचे, म्हणून ठरवलं की बोअरिंगचं, म्हणजे आतलं भोक मापात कापायचं ऑपरेशन बाहेर जॉबवर्कला द्यायचं. कोल्हापुरात हे काय नवीन नाही, ऑइल इंजिनच्या काळापासून उद्यमनगरात एकाकडं पॅटर्न, दुसऱ्याकडं ओतकाम, तिसऱ्याकडं टर्निंग असंच चालत आलंय. पण ऐकणं वेगळं, आणि आपला माल दुसऱ्याच्या दारात उतरवून टेंपो रिकामा परत येताना बघणं वेगळं.

ज्यांना काम दिलं त्यांना मी अण्णा म्हणते, सगळेच म्हणतात. एका मोठ्या कंपनीत वीसेक वर्षं टर्नर होते, मग गोकुळ शिरगावात शेड भाड्यानं घेऊन जुन्या दोन सीएनसी लेथ टाकल्या, एक ते चालवणार आणि एक मुलगा. नगाला 42 रुपये मागितले, मी 36 वर आणले आणि घरी येऊन भावाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बघ, कसे पाडले. (या 36 रुपयांचं पुढं काय झालं ते येईलच.)

पहिले तीन-चार महिने नुसती मोजणीची भांडणं. चलनावर 250, अण्णा म्हणणार 247 आले, टेंपोवाला म्हणणार मी काय खाल्ले काय, बिडाचं कास्टिंग आहे ते. मला वाटायचं ते लपवतात, त्यांना वाटायचं आम्ही कमी पाठवून जास्त लिहितो. शेवटी 25 नगांचे प्लास्टिक क्रेट केले, क्रेट मोजायचे, आतले नग मोजायचेच नाहीत, आणि ते भांडण त्या दिवशी संपलं. साडेतीन हजाराच्या क्रेटवर जे मिटलं त्यासाठी आम्ही दोघांनी तीन महिने एकमेकांना चोर समजलं. जीएसटीचं चलन तीन प्रतीत करायचं, माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, जॉबवर्कला गेलेल्या मालाचा आयटीसी-04 फॉर्म भरायचा, हे सीएनं सांगितलं होतं आणि आम्ही इमानदारीत करत होतो, पण कागद बरोबर असला म्हणून मनातलं जात नाही.

खरा बॉम्ब पडला 2019 च्या मार्चमध्ये. कस्टमरकडनं मेल, 400 च्या लॉटमध्ये 137 नग बोअर अंडरसाइज, माल परत पाठवतोय, सॉर्टिंगचे आणि लाइन थांबल्याचे मिळून 38 हजार तुमच्या खात्यात डेबिट. आता हे ज्यांच्या कामातलं नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या हाउसिंगमध्ये 6205 नंबरचं बेअरिंग बसतं, त्याची बाहेरची साइज 52 मिलिमीटर, आणि बोअरची टॉलरन्स एच7, म्हणजे भोक 52.000 च्या खाली जाता कामा नये आणि 52.030 च्या वर जाता कामा नये. सगळा खेळ 30 मायक्रॉनचा, आणि डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. त्यांनी एअर गेजवर मोजलं तर 51.994, 51.995 असे नग निघाले, बेअरिंग जास्तच टाइट बसतंय, चालवलं की तापतंय.

मी काय केलं? विचार-बिचार काही नाही, त्याच दिवशी 38 हजाराची डेबिट नोट अण्णांच्या नावानं काढली आणि व्हॉट्सॅपवर टाकून दिली, खाली एक ओळ, कृपया नोंद घ्यावी. त्यांचं त्या महिन्याचं अख्खं बिलच 50-52 हजार होतं, त्यात पोराचा पगार, शेडचं भाडं, लाइट. मला हे माहीत होतं. तरी टाकली, कारण माझ्यावरचं ओझं कुणाच्या तरी अंगावर ढकलायचंच होतं आणि खाली तेच होते.

दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं आता आमचा बाकीचा माल अडकवून ठेवणार, असं होतं बाजारात, पेमेंट अडकलं की माल अडकतो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला अण्णा स्वतः गाडीवरनं आले, गळ्यात बॅग, बॅगेत फडक्यात गुंडाळलेले दोन जॉब, त्यांचा बोअर गेज आणि मायक्रोमीटर. चहा घेतला नाही. म्हणाले, "ताई, पैसं कापायचं तर कापा, पण एकदा माझ्यासमोर मोजून दावा, माझं चुकलंय कुठं ते तर मला कळूद्या."

भावानं आमचा प्लग गेज काढला. प्लग गेजला दोन टोकं असतात, एक गो, ते भोकात गेलं पाहिजे, दुसरं नो-गो, ते जाता कामा नये. कस्टमरनं परत पाठवलेल्या नगात आमचं गो टोक सुळकन गेलं. म्हणजे आमच्या गेजप्रमाणं नग ओके. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो, अण्णांनी गेज हातात घेऊन उजेडाकडं धरला, त्याच्या डब्यावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर वाचलं, आणि काही न बोलता डबा माझ्यापुढं ठेवला. 2016 ची तारीख होती. तो डबा माझ्या टेबलापासून दहा फुटांवर तीन वर्षं पडलेला.

गेज त्याच दिवशी लॅबला पाठवला, रिपोर्ट आला, गो टोक घासून 51.993 झालेलं. म्हणजे 7 मायक्रॉन कमी, आणि म्हणूनच अंडरसाइज भोकातसुद्धा आरामात जायचं. बिडावर रोज शे-दोनशे वेळा घातलं तर पोलाद झालं म्हणून काय झालं, घासणारच की. आमचा गेज बरोबर असता तर अण्णांकडनं आलेल्या पहिल्या पाच नगांतच पकडलं असतं आणि पुण्याला एकही नग गेला नसता.

पण मग अण्णांकडं अंडरसाइज झालेच कसे, ते तर बोअर गेजनं मोजतात. त्यासाठी मी आणि भाऊ त्यांच्या शेडवर गेलो, खरं सांगायचं तर काम देऊन चार महिने झाले तरी मी तिथं पहिल्यांदाच पाय ठेवत होते. उभं राहून बघितलं. बीड कोरडंच कापतात, कूलंट नाही, जॉब चकमधनं निघाला की हाताला चांगला गरम लागतो, आणि अण्णा तसाच गरम गरम मोजून बाजूला ठेवायचे कारण पुढचा नग लावायची घाई. त्यांनी स्वतःच एका नगावर खडूनं 1 लिहिलं, मशीनवरनं निघाल्या निघाल्या मोजला, 52.005. ओके. मग तो खिडकीत ठेवला, आम्ही चहा प्यालो, गप्पा मारल्या, पाऊण तासानं परत मोजला. 51.994. भाऊ लगेच मोबाइलवर गुणाकार करायला लागला, बीड एका डिग्रीला मीटरमागं साधारण साडेदहा मायक्रॉन वाढतं, 52 मिलिमीटरचं भोक आणि वीस डिग्रीचा फरक, येतात अकराच्या आसपास मायक्रॉन. बरोब्बर तेवढेच. अण्णा खडूच्या त्या 1 कडं बघत बसले, म्हणाले, "वीस वर्षं कंपनीत केलं, तिथं एसी रूममध्ये दुसरा माणूस मोजायचा, आपण नुसतं कापायचं. हे आपल्याला कुणी सांगितलंच न्हाई."

मलाही कुणी सांगितलं नव्हतं, पण मी डेबिट नोट पाठवायला मोकळी होते.

परत येताना गाडीत भाऊ म्हणाला की अर्धं अर्धं कर, चूक दोघांची आहे. हिशेबानं त्याचं बरोबरच होतं. मी पूर्ण डेबिट नोट रद्द केली. आलेले 137 नग अण्णांनी स्वतःच्या खर्चानं होनिंग करून, म्हणजे भोक आतनं घासून मापात आणून, द्यायचे आणि कस्टमरचे 38 हजार आमचे, असं ठरवलं. भाऊ दोन आठवडे फुगून होता, म्हणायचा, तू त्यांना डोक्यावर बसवणार. माझं म्हणणं एवढंच होतं की चुकीचा नग बनवणं ही त्यांची चूक, पण तपासून पुढं पाठवणं हे आमचं काम होतं, इन्व्हॉइसवर सही माझी होती. अण्णांनी नग आठ दिवसांत आणून दिले, प्रत्येकावर मार्करनं साइज लिहिलेली, 52.012, 52.014, असं. मी सांगितलं नव्हतं लिहायला.

त्यानंतर 52 चा मास्टर रिंग गेज, म्हणजे अचूक मापाची कडी, घेतला आणि दर सोमवारी तो अण्णांकडं जाणार, ते त्यांचा बोअर गेज त्यावर झिरो करणार, मग तोच रिंग आमच्याकडं येणार आणि आम्ही आमचा त्यावर झिरो करणार. दोन घरात एकच घड्याळ लावल्यासारखं. आणि नग काढल्यावर लोखंडी टेबलावर पसरून ठेवायचे, अर्ध्या तासानं मोजायचे. यापेक्षा जास्त काही केलं नाही. लोक मला विचारतात की तू काय अॅग्रीमेंट केलंस का, केलं की, चार पानांचं, सीएच्या ओळखीच्या वकिलाकडनं, ते कुठल्या फाइलमध्ये आहे ते बघावं लागेल.

आता 36 रुपयांचं. एकदा अण्णांच्या शेडवर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसले, कारण ते सारखं म्हणायचे परवडत नाही आणि मला वाटायचं सगळेच म्हणतात. नग लावणं, काढणं, कापणं धरून साडेपाच मिनिटं, मध्ये इन्सर्ट बदलला, मध्ये लाइट गेली, तासाला धड दहा नगसुद्धा पडत नव्हते. वर इन्सर्ट, म्हणजे कापायचं बदलतं टोक. त्याच्या एका कोपऱ्यावर 60-70 नग निघायला पाहिजेत, निघत होते तीस-पस्तीस, कारण आमच्या फौंड्रीकडनं येणाऱ्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असायची, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं) वरवरचं, आणि वाळूत इन्सर्ट गेला की कोपरा उडालाच. म्हणजे फौंड्री पैसे वाचवणार, अण्णा इन्सर्ट जाळणार, आणि मी मध्ये बसून 36 रुपयांची शेखी मिरवणार. दर 41 केला. आणि दुसरं म्हणजे अण्णांचा आणि फौंड्रीवाल्याचा नंबर एकमेकांना दिला, जे मी मुद्दाम टाळत होते, कारण ही दोघं एकत्र आली तर माझी गरजच काय, असं मनात कुठंतरी होतं. गंमत म्हणजे ते एकत्र आले आणि पहिल्याच महिन्यात वाळूची कटकट अर्ध्यावर आली, कारण मी फौंड्रीला "क्वालिटी सुधारा" असं सांगायचे आणि अण्णा सांगायचे "त्या रायझरच्या बाजूच्या खोबणीत वाळू राहत्या, तेवढं झाडा".

ब्लो होलचा प्रश्न मात्र जुना आहे आणि तो कुणालाच पूर्ण सुटलेला नाही. कास्टिंग वरनं छान दिसतं, कापल्यावर आत भोक निघतं, मग तो कास्टिंगचा रिजेक्ट, सीआर, त्याचे पैसे फौंड्री देणार, पण मशीनवर जो वेळ गेला तो कुणाचा? बाजारात पद्धत अशी की जॉबवर्कवाल्यानं सोसायचं. मग तो काय करतो, भोक दिसलं तरी पूर्ण नग काढतो आणि चांगल्या नगात घालून पाठवतो, दिसलं तर दिसलं. आम्ही ठरवलं की भोक दिसलं की तिथंच थांबायचं, पिवळ्या पेंटनं गोल करायचा, बाजूला ठेवायचा, त्याचे अर्धे पैसे आम्ही देणार. पहिल्या महिन्यात सीआर एकदम वाढले आणि भाऊ म्हणाला, बघ, फसवायला लागले. तसं नव्हतं, आधी ते चांगल्यात मिसळून येत होते, एवढंच.

आणि हो, एक लाजिरवाणी गोष्ट राहिली, ती मी सांगणार नव्हते. 2020 मध्ये लॉकडाउन उठल्यावर पैशाची फार ओढाताण होती, तेव्हा एकजण 37 मध्ये करतो म्हणाला आणि मी अण्णांना न सांगता 200 नग तिकडं वळवले. चार दिवसांत अण्णांना कळलं, कारण टेंपोवाला एकच, आणि आमच्या एमआयडीसीत टेंपोवाला म्हणजे चालता-फिरता बातमीपत्र. अण्णांनी विचारलं नाही, फक्त त्या आठवड्यात फोन आला नाही. तिकडचे नग तीन आठवडे उशिरा आले आणि चॅम्फर, म्हणजे भोकाच्या कडेचा उतार, विसरलेलं. मी फोन करून अण्णांना खरं खरं सांगितलं, ते म्हणाले, "मला कळलंय ताई, आधी सांगितलं असतं तर मीच एक-दोन रुपये कमी केलं असतं चार महिन्यांसाठी." हे ऐकायला डेबिट नोटपेक्षा जड गेलं.

मग 2021 चा जुलै. 2019 ला पंचगंगेनं हायवे बंद केला होता तेव्हा आम्ही शिकायला पाहिजे होतं, नाही शिकलो. आमची शिरोली पंचगंगेच्या या अंगाला, गोकुळ शिरगाव त्या अंगाला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की दोघांमधला रस्ताच तुटतो. आमचे 700 नग अण्णांकडं तयार, कस्टमरची गाडी पुण्याहून निघायच्या बेतात. पाणी वाढायला लागलं त्या दिवशी दुपारी मी पाणी किती चढलंय ते मोबाइलवर बघत बसले होते, अण्णांचा फोन, "ताई, मी 450 टेंपोत भरून पाठवलेत, आत्ता निघाला तर पोचतोय, उरलेलं 250 अजून मोजलं न्हाईत, शेवटचं तर गरमच हायत, ते पाठवत न्हाई." टेंपो संध्याकाळी पोचला आणि त्यानंतर काही तासांत रस्ता बंद झाला. भाऊ म्हणत होता, 250 पण टाकायचे होते की, इथं मोजले असते. मी काही बोलले नाही. कस्टमरला फोन करून सांगितलं, 450 तयार आहेत, 250 रस्ता सुरू झाला की, आणि का ते पण सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे. इतक्या वर्षांत त्यानं मला ठीक आहे म्हटल्याचं हे बहुतेक पहिलंच.

पेमेंटचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर अण्णांना विचाराल तर ते हेच पहिलं सांगतील, गेज-बिज नाही. मी दर महिन्याच्या 10 तारखेला मागच्या महिन्याचं पेमेंट करते, कस्टमरनं दिलं असो नसो. दोनदा चुकलं, दोन्ही वेळा 8 तारखेलाच फोन करून सांगितलं की 17 ला देते, आणि 17 ला दिलं. आम्हाला कस्टमरकडनं 75-80 दिवसांनी पैसे यायचे, तेव्हा हे कसं जमवलं ते माझं मला माहीत, बँकेचं सीसी लिमिट (उचल घ्यायची मर्यादा) कायम काठावर. अण्णांचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, नव्हतं, मीच आमच्या ऑफिसात बसवून करून दिलं, फुकट असतं, आधार आणि पॅन लागतं, बाहेर एजंट हजार-दोन हजार घेतात. मग 2024 च्या मार्चमध्ये इन्कम टॅक्सच्या 43बी(एच) ची धावपळ सुरू झाली, म्हणजे मायक्रो आणि स्मॉल उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत दिलं नाही आणि वर्षअखेरीला बाकी राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मुदत मूळ 2006 च्या छोट्या उद्योगांच्या एमएसएमईडी कायद्यातलीच, चक्रवाढ व्याजसुद्धा त्यात आहेच, पण व्याज मागायला जाणार कोण, काम जाईल. टॅक्सवर आलं तेव्हा सगळे जागे झाले. आमच्या ओळखीतल्या काही जणांना तर त्यांच्या कस्टमरनी उद्यम रद्द करा म्हणून तोंडी सांगितलं. अण्णांचा मुलगा हसत हसत म्हणाला, "ताई, तुम्हीच सर्टिफिकेट काढून दिलंय, आता तुमच्यावरच केस टाकतो." वकिलाची ती चार पानं त्या दिवशी शोधून काढली, त्यात पेमेंटची मुदत 60 दिवस लिहिलेली होती, जी कायद्यानं चालतच नाही. 45 करून घेतली. आणि आमच्या कस्टमरचे 80 चे दिवस त्या वर्षीपासून 45 वर आले, हे मात्र सरकारचे उपकार, माझं त्यात काही नाही.

आता अण्णा मशीनवर कमी उभे राहतात, मुलानं तिसरी मशीन घेतली, नवी, कूलंटवाली. रिंग गेज अजून सोमवारी जातो. मागच्या आठवड्यात क्रेटच्या वर वेगळ्या पिशवीत 9 नग आले, पिवळे गोल केलेले. फौंड्रीवाल्याला बोलावलं, त्यानं आठ मान्य केले, नवव्याला म्हणाला हे ब्लो होल नाही, टूलचा ओरखडा आहे. अण्णांच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला, तो म्हणाला ब्लो होलच आहे. दोघं वीस मिनिटं भांडले, मी मध्ये जेवून आले. तो नववा नग सध्या माझ्या टेबलावर बिलांवर वजन म्हणून ठेवलाय, त्याचे कुणाकडनं कापायचे ते अजून ठरलेलं नाही.